थायरॉइडची गोळी आणि आपोआप हलणारा हात

प्रश्न

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या ४१ वर्षांच्या एका वाचक भगिनीच्या पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांना थायरॉइड कमी असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून त्या ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेत होत्या. गेल्या हिवाळ्यात हिमोग्लोबिन ९ वर आल्याने चार महिन्यांसाठी रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि शाळेच्या घाईत त्या सकाळच्या सगळ्या गोळ्या चहाबरोबर एकदमच घेऊ लागल्या. पुढच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की वाढणारा आणि जास्त झाले की उतरणारा रक्तातला आकडा) ९.४ आले, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा १२५ केली. त्यानंतर रक्तवाढीच्या गोळ्या संपल्या आणि औषधाच्या दुकानदाराने समजावल्यावरून थायरॉइडची गोळी त्या पहाटे उपाशीपोटी घेऊ लागल्या. दीड-दोन महिन्यांनी त्यांचा उजवा हात आपोआप उचलला जाऊ लागला, खांदा उडू लागला, ओठांची चाळवाचाळव सुरू झाली. 'फळ्यावर लिहिताना खडू भलतीकडेच जातो. हात वर गेला की मी केस सारखे केल्यासारखे करते, म्हणजे मुलांच्या लक्षात येत नाही,' असे त्या लिहितात. सासूबाईंना हे बाहेरचे काहीतरी वाटते, तर यजमानांच्या मते हा कामाचा ताण आहे. गोळीचाच संशय आल्याने त्यांनी कोणालाही न सांगता गोळी बंद केली. तीन आठवड्यांत हालचाली निम्म्याने कमी झाल्या. त्यानंतर डॉक्टरांकडे गेल्यावर टीएसएच ३.२ आले. 'थायरॉइड नॉर्मल आहे, गोळीने असे होत नाही, मनावर घेऊ नका,' असे डॉक्टर म्हणाले. पत्राच्या शेवटी त्यांनी ओघात लिहिले आहे की वजन ५८ किलो आहे, केस गळतात म्हणून बायोटिन चालू आहे आणि पित्तासाठी एक कॅप्सूल 'अधूनमधून' घेतली जाते. त्यांचा प्रश्न असा, की ही गोळी कायमची सोडून धण्याच्या पाण्यासारख्या घरगुती उपायांवर राहावे का, की हे खरोखरच मनाचे खेळ आहेत?

उत्तर

नमस्कार ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना केस सारखे करण्याच्या त्या वाक्यापाशी थांबले. हा प्रसंग तुम्ही लाजेपोटी सांगितला आहे, पण वैद्यकाच्या दृष्टीने तुमच्या पत्रातील तो सर्वांत मोलाचा तपशील आहे. मेंदूच्या आतल्या भागातील बिघाडामुळे हातपाय, खांदे, चेहरा यांच्या अचानक, अनियमित, एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकणाऱ्या हालचाली होतात, त्यांना कोरिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नृत्य. असा त्रास असलेली माणसे नकळत नेमके तुमच्यासारखेच करतात. हात उडाला की त्या उडण्याला ती एखाद्या हेतुपूर्वक हालचालीचे रूप देतात, म्हणजे चष्मा सारखा करतात, पदर ओढतात किंवा केसांवरून हात फिरवतात. मी तुम्हाला तपासलेले नाही, त्यामुळे तुम्हाला कोरियाच आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु 'मनाचे खेळ' या शब्दांवर तुमच्या प्रश्नाची बोळवण करणे योग्य होणार नाही, हे मात्र मी खात्रीने सांगते.

आता त्या ३.२ या आकड्याकडे पाहू, कारण तुमच्या घरातला आणि दवाखान्यातला सगळा गोंधळ त्याच्याभोवती आहे. तुमच्या गोळीतले थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीरात फार सावकाश कमी होते; गोळी थांबवल्यावर त्यातले निम्मे उरायला साधारण सात दिवस लागतात. म्हणजे पहिल्या आठवड्याच्या शेवटी निम्मे, दुसऱ्याच्या शेवटी पाव आणि तिसऱ्याच्या शेवटी साधारण एक अष्टमांश उरते. समजा, तुमच्या रक्तात हा संप्रेरक जास्त झाला होता. तो 'जास्त' पासून 'कमी' पर्यंत उतरत असताना मध्ये कधीतरी 'योग्य' या खुणेवरून जाणारच, आणि तुमचे रक्त बहुधा नेमके त्या टप्प्यावर काढले गेले. हालचाली जोरात होत्या त्या दिवसांत आकडा किती होता, याचे उत्तर या अहवालात नाही. गोळी बंद आहे हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते, त्यामुळे १२५ मायक्रोग्रॅम घेणाऱ्या बाईचे टीएसएच ३.२ आहे असेच त्यांनी गृहीत धरले आणि त्या गृहीतकावर त्यांचा निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही. तुम्ही त्यांच्यापासून ही गोष्ट का लपवली, हे मला समजते. विचारल्याशिवाय औषध थांबवले म्हणून ओरडा बसेल, ही भीती मी कितीतरी रुग्णांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. पण पुढच्या भेटीत हे वाक्य सर्वांत आधी सांगा: 'अमुक तारखेपासून मी गोळी घेतलेली नाही, आणि तो अहवाल गोळी बंद असतानाचा आहे.'

आता त्याच्याही मागे जाऊ. तुमचे टीएसएच ९.४ झालेच का? माझा अंदाज असा आहे की त्या वेळी तुमच्या ग्रंथीत नवा बिघाड झालेला नव्हता. रक्तवाढीच्या गोळ्यांतले लोह आणि थायरॉक्सिन पोटात एकत्र आले की एकमेकांना बांधून घेतात आणि औषधाचा मोठा भाग रक्तात न जाता तसाच बाहेर पडतो. कॅल्शियमच्या गोळ्यांचेही तेच. चहा-कॉफीबरोबर गोळी घेतली तरी ती कमी शोषली जाते, आणि पोटातले आम्ल कमी करणाऱ्या पित्ताच्या औषधांनीही शोषण घटते. म्हणजे ७५ ची गोळी तुम्ही रोज गिळत होता, पण शरीराच्या हाती तेवढे औषध येतच नव्हते. अहवालात फक्त टीएसएच वाढलेले दिसले आणि मात्रा वाढवली गेली. मग एकीकडे लोह संपले आणि दुसरीकडे दुकानदाराच्या भल्या सल्ल्यावरून तुम्ही पहाटे उपाशीपोटी, अगदी शिस्तीत गोळी घेऊ लागलात. आता १२५ मधला बराच मोठा भाग अंगी लागू लागला. ग्रंथी जवळपास काहीच काम करत नसेल, तर प्रौढ माणसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम रोज लागते. तुमच्या ५८ किलोंचा हिशेब ९३ च्या आसपास येतो आणि ग्रंथी थोडीफार चालत असेल तर त्याहूनही कमी पुरते. या साखळीत कोणीही बेपर्वाईने वागलेले नाही. पण शोषण सुधारल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायला हवे होते, आणि तेवढेच राहून गेले.

संप्रेरक जास्त झाला की हात थरथरतात, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. हात समोर पसरून बोटांवर साधा कागद ठेवला की त्याची कड बारीक थरथरताना दिसते. दवाखान्यात आम्ही असेच पाहतो. ही थरथर जलद आणि बारीक असते, आणि तिच्या जोडीला धडधड, घाम, झोप उडणे, वजन उतरणे, वारंवार शौचाला होणे ही लक्षणे असतात. अॅड्रेनालिनला शरीर अधिक तीव्र प्रतिसाद देऊ लागल्याने हे घडते. कोरिया हा त्याच अतिरेकाचा फार दुर्मीळ परिणाम आहे. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतील गाठोड्यांसारख्या भागात डोपामिन नावाच्या रसायनाचा प्रतिसाद वाढतो, म्हणून असे होते असे मानले जाते. ग्रंथी स्वतःहून अति काम करत असताना असा कोरिया झालेले रुग्ण वैद्यकीय नोंदींत आहेत, तसेच थायरॉक्सिनची मात्रा जास्त झाल्याने झालेलेही आहेत. पातळी योग्य झाली की बहुतेकांच्या हालचाली काही आठवड्यांत ओसरतात. तेव्हा 'गोळीने असे होत नाही' हे विधान योग्य मात्रेबाबत खरे आहे आणि अति मात्रेबाबत अपुरे आहे. तुमच्या डॉक्टरांनी असा एकही रुग्ण पाहिलेला नसणे सहज शक्य आहे.

इतके सांगूनही, गोळीच दोषी आहे असा शिक्का मी मारणार नाही. तुम्ही 'अधूनमधून' असे म्हणून बाजूला ठेवलेल्या पित्ताच्या कॅप्सूलने मला सर्वांत अस्वस्थ केले आहे. आपल्याकडे पित्त, गॅस, पोट फुगणे यांसाठी सर्रास मिळणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला लेव्होसल्पिराइड हे दुसरे औषध असते. ते डोपामिनचे काम रोखते आणि काही रुग्णांत, विशेषतः महिनोन्‌महिने घेतल्यास, ओठ, जीभ, जबडा यांच्या न थांबणाऱ्या हालचाली किंवा कंपवातासारखा ताठरपणा आणू शकते. उलटी थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडचेही तसेच आहे. तुमच्या पत्रात हात आणि खांद्याबरोबर ओठांचाही उल्लेख आहे, म्हणून मला ही शंका येते. थायरॉइडची गोळी बंद केली त्याच दिवसांत ती कॅप्सूलही थांबली होती का, हे नीट आठवून पाहा. तसे असेल तर हालचाली कशामुळे कमी झाल्या हे तुम्हालाही सांगता येणार नाही. यातला फरक उपचारासाठी महत्त्वाचा आहे, कारण थायरॉइडची पातळी सुधारली की त्यामुळे आलेला त्रास सहसा जातो, पण डोपामिन रोखणाऱ्या औषधाने आलेल्या हालचाली औषध थांबवल्यावरही महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत त्याहून अधिक काळ, रेंगाळू शकतात. आणखीही काही कारणे आहेत, ती तज्ज्ञ पाहतील. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, पाळी चुकली आहे का, साखर वाढली आहे का, घरात कोणाला असा आजार होता का, हे प्रश्न ते विचारतील. त्यांची उत्तरे मनाशी तयार ठेवा.

बायोटिनचे थोडक्यात सांगते. काही प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत ते लुडबुड करते आणि टीएसएच खोटेच कमी, तर टी-४ (म्हणजे रक्तातले थायरॉक्सिन) खोटेच जास्त दाखवू शकते. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते घेऊ नका, आणि मात्रा मोठी असेल तर किती दिवस आधी थांबवायचे हे डॉक्टरांना विचारा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, गोळी कायमची सोडावी का. ज्या भीतीतून तुम्ही हे विचारता, ती मला क्षुल्लक वाटत नाही. स्वतःचा हात स्वतःचे ऐकत नाही, आणि तोही तीस मुलांसमोर, हा अनुभव कोणालाही हादरवून टाकेल. पण 'गोळी म्हणजे अंगात घातलेले परके रसायन' ही समजूत एकदा तपासून पाहू. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी थायरॉइड आटलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला, आणि त्या उपचारावर ती पुढे २८ वर्षे जगली. आजच्या गोळीत असते ते तुमच्याच ग्रंथीत तयार होणारे संप्रेरक, रेणूला रेणू तेच. म्हणून इथे खरा प्रश्न मात्रेचा आहे. ग्रंथी पुरेसे काम करत नसेल तर ती उणीव धण्याचे पाणी भरून काढू शकत नाही. ते तुम्हाला आवडत असेल तर गोळीनंतर तासाभराने खुशाल प्या, मात्र त्यात हे संप्रेरक नाही. गोळी बंदच ठेवली तर पुढच्या काही महिन्यांत थकवा, सूज, बद्धकोष्ठता, मंदपणा आणि वाढते कोलेस्टेरॉल हे सगळे परत येईल. तुमच्या शरीरात आत्ता ते हळूहळू सुरू झालेही असेल.

म्हणून माझा सल्ला असा आहे की गोळी बंदही ठेवू नका आणि आपल्या मनाने पुन्हा १२५ सुरूही करू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून सगळा क्रम तारखांसह सांगा आणि कमी मात्रेने पुन्हा सुरुवात करण्याविषयी विचारा. जाताना टीएसएच, फ्री टी-४ आणि फ्री टी-३ यांबरोबर साखर व कॅल्शियमही तपासण्याची विनंती करा. गोळी सुरू झाल्यानंतरच्या तपासण्यांत रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्या, कारण गोळी घेतल्यावर काही तास टी-४ तात्पुरते वर जाते. मात्रा ठरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा. आधी संप्रेरक फार जास्त झालेला असेल तर टीएसएच कधी कधी बरेच आठवडे मागेच रेंगाळते, त्यामुळे तेवढ्या काळात एकट्या टीएसएचवर विसंबू नये, हेही डॉक्टरांशी बोला. पहाटेची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने, आणि लोह किंवा कॅल्शियम पुन्हा कधी लागले तर त्यात चार तासांचे अंतर ठेवा.

हालचाली पूर्ण थांबण्याची वाट न पाहता एकदा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा असेही मी आग्रहाने सांगेन. घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करायला सांगा: तुम्ही हात समोर पसरून बसला आहात, जीभ बाहेर काढून धरली आहे, कागदावर गोगलगाईच्या शंखासारखे गोल गोल वळण काढत आहात आणि चालत आहात. दवाखान्यात नेमक्या त्या दहा मिनिटांत हात शांत राहतो, असे पुष्कळदा होते. झोपेत हालचाली थांबतात का, हेही यजमानांना पाहायला सांगा. कोरियात त्या झोपेत सहसा कमी होतात. तज्ज्ञ कदाचित काही दिवसांसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतील. दमा असेल तर ते आधीच सांगा, कारण मग ती चालत नाही. हालचाली अचानक शरीराच्या एकाच बाजूला आल्या, बोलणे अडखळले, हातापायातली ताकद गेली, छातीत अनियमित धडधड झाली किंवा तापासह भ्रम झाला, तर भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

याच वळणावर उभ्या असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते. थायरॉइडच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांत टीएसएच जाणूनबुजून कमी ठेवलेले असते. त्यांनी थरथर वाटली म्हणून मात्रा स्वतः कमी करू नये, पण थरथर आणि धडधड मात्र लपवू नये, कारण दीर्घकाळच्या अतिरेकाने हृदयाची लय बिघडू शकते आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे झिजतात. ज्यांची ग्रंथी काढली आहे आणि ज्यांना ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे एकत्र आखडतात, त्यांच्या बाबतीत कॅल्शियम उतरल्याची शंका आधी घ्यावी आणि त्याच दिवशी तपासणी करावी. वजन उतरवण्यासाठी थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते की ते थांबवा.

घरच्यांशी बोलताना वाद घालू नका. यजमानांना पुढच्या भेटीला बरोबर न्या आणि गोळ्यांचा सगळा क्रम डॉक्टरांसमोरच सांगा, म्हणजे तुम्हाला स्वतःची बाजू वेगळी मांडावी लागणार नाही. सासूबाईंच्या मनात राग नसून काळजी असेल, असे मला वाटते. देवाला नमस्कार करून दवाखान्यात जायला त्यांची ना नसावी. मुख्याध्यापकांना एवढेच सांगा की औषधाच्या मात्रेचा त्रास आहे, उपचार चालू आहेत आणि काही आठवडे फळ्यावरचे लेखन कमी ठेवायचे आहे. मुलांनाही तसे सांगता येईल. पहिली-दुसरीची मुले असे सांगणे मोठ्यांपेक्षा सहज स्वीकारतात, आणि कोणीतरी नक्कीच उठून तुमच्यासाठी तारीख-वार लिहून देईल.

निदान पक्के झाले आणि त्यात औषधाचा वाटा निघाला, तर त्याची नोंद करा. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतात, त्यासाठी डॉक्टरच असावे लागत नाही.

आणि त्या पित्ताच्या कॅप्सूलची रिकामी पट्टी मिळाली तर तपासणीला जाताना न विसरता पर्समध्ये टाका. फेकून दिली असेल तर दुकानदाराकडून जुने बिल काढून घ्या. नावाखालच्या बारीक अक्षरांत आत कोणकोणती औषधे आहेत ते छापलेले असते, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते अजून पाहिलेले नाही.